दोन पदरी दोरा

लोहारा
३ सप्टेंबर २०२४

नंदीश,

चि. लिहायचं की नाही, यातच माझा अर्धा तास गेला. शेवटी नुसतं नाव लिहिलं. सहा वर्षांनी पत्र लिहितोय, तर मायन्यावरून पुन्हा वाद नको.

आईचं दुखणं मुलापासून लपवायचं नसतं, म्हणून लिहितो. तुझी अव्वा आजारी आहे. घाबरू नकोस, मला बोल लावण्याइतका दम तिच्यात अजून आहे. पण चार पावलं चालली की खांब धरून उभी राहते आणि संध्याकाळी पाय सुजतात. सोलापूरच्या डॉक्टरांनी मशीन लावून पाहिलं. हृदयातली एक झडप खराब झालीय म्हणाले, छाती उघडून बदलावी लागेल, फार दिवस काढू नका.

घरी येऊन मी कपाळाला हात लावून बसलो. तर तुझी अव्वा उठली, खसखशीच्या डब्यातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि माझ्यापुढं ठेवली. आत एक कार्ड. त्यावर तिचा फोटो, तुझा नंबर, तुझ्या पलटणीचं नाव.

"ह्ये दावलं की मिलिटरीच्या दवाखान्यात घेत्यात," म्हणाली. "नंद्यानं चार वर्सांमागंच करून ठिवलंय."

फोटो कधी काढलास म्हणून तिला विचारलं, तर म्हणे नूरुन्निसाकडं शेवया करायला गेले होते तेव्हा. कागद धाराशिवला कुणी नेले? तिच्या नवऱ्यानं, जैनोद्दीननं. दर रविवारी ती शेवया करायला म्हणून समोरच्या घरी जाते आणि तिथून तुझ्याशी फोनवर बोलते, हेही त्याच दिवशी कळलं. मला वाटलंच होतं, एवढ्या शेवया होतात तर ताटात का येत नाहीत. आठवडी बाजारात लोकांना खसखस मोजून देणारा मी, आणि घरच्या डब्यात काय आहे ते मला माहीत नाही.

मग मला जैनोद्दीनच्या दारात जावं लागलं. तुला भरतीसाठी पहाटे पळवायला नेणारा तोच, म्हणून त्याच्याशी मी बोलणं टाकलं होतं, हे तुला ठाऊक आहे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर तो आता सैनिक कल्याण कार्यालयाचं काम करतो, तालुक्यात कुठल्या जवानाच्या घरी काय अडलंय ते बघत गावोगाव फिरतो. आपल्या दाराशी मात्र त्याला येता येत नव्हतं, कारण मी.

उंबऱ्यावरूनच म्हटलं, "अडला हरी गाढवाचे पाय धरी, जैनोद्दीन."

तो म्हणाला, "आत या सिद्रामप्पा. गाढवानं चहा ठिवलाय."

जुनं त्यानं एक अक्षर उकरलं नाही. दुसऱ्या दिवशी मला एस.टी.त घालून धाराशिवला नेलं. कार्यालयातल्या साहेबांनी मला खुर्ची दिली आणि आधी पाणी विचारलं. मी कुणाचा बाप म्हणून ते पाणी मिळालं, हे मला कळत होतं. तीन दिवसांत पुण्याचा कागद झाला. आठला आम्ही निघतो.

तू वरच्या चौकीवर आहेस, तिथं फोन लागत नाही, पत्र मात्र हेलिकॉप्टरनं जातं, असं जैनोद्दीन सांगतो. पत्ता त्यानंच लिहिलाय. त्यात ना गाव ना गल्ली, नुसते आकडे. फोन लागत असता तरी मी केला नसता. फोनवर मी भांडतो. कागदावर खोडता तरी येतं.

कार्ड उपयोगी पडलं. याहून जास्त आज मला लिहिता येणार नाही.

तुझी ती वस्तू घरात सुखरूप आहे.

सिद्रामप्पा


पुणे
१६ सप्टेंबर २०२४

नंदीश,

हे पत्र तुला आठदहा दिवसांनी मिळेल. तोवर सगळं पार पडलेलं असेल, असं लिहायला मी बसलो होतो. तसं आता होणार नाही. ते पुढं सांगतो, आधी इथलं चांगलं सांगू दे, नाहीतर तुला वाटेल अप्पा तक्रार करायलाच लेखणी उचलतो.

दवाखान्याच्या फाटकावर मी ते कार्ड असं धरलं होतं, जसा बसमध्ये म्हातारा तिकीट धरतो. शिपाई म्हणाला, "माताजी को बिठाइए." ढकलखुर्ची आली. मी मागं चालत होतो आणि लोक वाट देत होते. नातेवाइकांना राहायला जवळच खोल्या आहेत. माझ्या शेजारच्या खोलीत हिमाचलची एक बाई आहे, तिचा मुलगा वॉर्डात आहे. तिला मराठी येत नाही, माझी हिंदी बाजारापुरती. तिनं मला लोणचं दिलं, मी तिला शेंगदाण्याची चटणी दिली. तेवढ्यावर आमचं बरं चाललंय.

वॉर्डात केरळची एक सिस्टर आहे. हुद्द्यानं मेजर, म्हणून सगळे उभे राहतात, मीही राहतो. ती तुझ्या अव्वाचे पाय रोज स्वतः दाबून बघते. अव्वाला तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "बेटा किधर है?" अव्वानं हात वर केला, एकदम छताकडं. सिस्टर क्षणभर घाबरली. मी म्हटलं, तसं नव्हे, बरफात आहे.

ऑपरेशन अठराला ठरलं होतं. काल सिस्टर सांगायला आली की गळ्यात काही ठेवता येणार नाही. अव्वानं बांगड्या काढल्या, जोडवी काढली, मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. गळ्यातल्या इष्टलिंगावर मात्र मूठ धरली.

सिस्टरला मी समजावलं. आमच्यात हे लहानपणी गुरू गळ्यात बांधतो, मेल्यावर मातीत बरोबर जातं, मधे सुटत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. पण ते छातीवर लोंबतं आणि छातीच तर उघडायची आहे. एक मदतनीस म्हणाला, पायाला बांधू. त्याच्यावर मी असा ओरडलो की पलीकडच्या वॉर्डातला सुभेदार उठून दारात आला. सिस्टर रागावली नाही. म्हणाली, "फिर कहाँ चलेगा, बाबा? आप ही बताइए."

आणि मला सांगता आलं. बेंबीच्या वर कुठंही चालतं. गळ्यात, दंडावर, डोक्यावर. चांदीची डबी काढून नुसतं लिंग कापडात गुंडाळायचं आणि केसांत बांधायचं. सिस्टर डॉक्टरांना विचारून आली आणि म्हणाली की हिरव्या टोपीखाली, अंबाड्यात, चालेल. तिनं स्वतः निर्जंतुक कापड आणून दाखवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नंदीश, खोटं कशाला लिहू. आपल्या देवासाठी जागा शोधायला एक परक्या मुलखातली बाई दोन मजले चढून गेली होती.

मी अव्वाच्या मानेला हात लावला, तर तिनं माझं मनगट धरलं.

"तुमच्या हातानं न्हाय," म्हणाली. "तुमी काढल्यालं परत गळ्यात पडत न्हाय. माझ्या नंद्याचं पडलं का?"

सगळ्यांसमोर म्हणाली. सिस्टरला भाषा कळली नसेल, पण माझ्या तोंडावरून सगळं कळलं असणार.

मग तिनं अट घातली. आधी नंद्याचं नंद्याला द्या. त्याच्या गळ्यात पडलं असा निरोप येऊ द्या. मग माझं काढा, न्हायतर मी अशीच जाते.

डॉक्टरांनी गोळ्या वाढवून तीन आठवडे दिलेत. त्याच्यापुढं हृदय ऐकणार नाही म्हणाले. मी रागावलो, विनवलं, तिच्या माहेरच्यांना फोन लावले. ती भिंतीकडं तोंड करून झोपली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं ती आयुष्यभर मला म्हणत आली. आता पीळ बघायचा तर तिचा बघावा.

जैनोद्दीनला फोन केला. तो म्हणाला, "तुमी गाडीत बसा. न्हेणारा माणूस म्या शोधतो."

अव्वाजवळ हिमाचलची बाई बसते आहे. मी उद्या लोहाऱ्याला निघतो.

अप्पा


लोहारा
१९ सप्टेंबर २०२४

चि. नंदीश,

हे पत्र पोस्टानं येत नाही. तुझ्या पलटणीतल्या नाईक आरिफच्या हातून येतं आहे. तो भूमचा, रजेवर आलेला, आज परत निघाला आहे. जैनोद्दीननं दोन दिवसांत कुठकुठं फोन केले त्याला माहीत. जिल्ह्यात कोण जवान रजेवर आहे, कुणाची रजा कधी संपते, हे त्या माणसाला सोयरिकी जुळवणाऱ्यासारखं पाठ आहे. आरिफची बस अकराला आहे. तो यायच्या आत इथं जैनोद्दीनच्या घरी बसून मला हे लिहून संपवायचं आहे, म्हणून खाडाखोड दिसली तर दिसू दे.

तुझी पहिली रजा होती. परसातून आंघोळ करून तू उघड्या अंगानं आलास. तुझ्या गळ्यात एकाच दोऱ्यात दोन वस्तू होत्या, गुरूनं बांधलेलं लिंग आणि तुझा फौजेतला नंबर कोरलेला पत्रा. दोन्ही एकमेकांना लागत होती. बाजारात कुणीतरी त्याच आठवड्यात मला म्हटलं होतं की पलटणीत सगळेच मटण खातात, तुमचा काय उपाशी राहतो का. ते डोक्यात होतंच. तुला मी खाण्याबद्दल विचारलंसुद्धा नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "देवाला पत्रा लावतोस? ह्यातलं एक काढ."

तू म्हणालास, "अप्पा, पत्रा काढायची परवानगी न्हाय मला."

आणि लिंग काढून माझ्या तळहातावर ठेवलंस. तू वाद घातला असतास तर बरं झालं असतं. तू हुकूम पाळलास, जसा तिथं पाळायला शिकला होतास. मी म्हणालो, मग हे इथंच राहील, आणि तूही बाहेरच राहा. पुरणपोळी तव्यावर होती. अव्वानं ती तशीच जळू दिली.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते लिहितो. मठात मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, पोरानं लिंग सोडलं. सोडलं नव्हतं. मी काढून घेतलं होतं. सांगताना मी एवढाच फरक केला, आणि सहा वर्षं तू गावात तोंड दाखवू शकला नाहीस. अव्वाला भेटायला तुला बसवकल्याणला तिच्या माहेरी यावं लागलं. ती दर वर्षी जत्रेला म्हणून जायची. मला कळत होतं. मी पिशवी भरून द्यायचो आणि कळत नसल्यासारखा बसायचो.

वेगळ्या दोऱ्यात घाल, एवढंच मला म्हणता आलं असतं. दवाखान्यात सिस्टरला जो नियम मी घडाघडा सांगितला, तो मला तेव्हाही पाठ होता. तुझ्यासाठी तो वापरावा असं सुचलं नाही.

काल मठात जाऊन स्वामींना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "जे गुरूनं बांधलं ते काढायचा हक्क बापाला कुणी दिला, सिद्रामप्पा?" मी म्हटलं, कुणीच नाही. म्हणाले, मग विचारताय काय, देऊन टाका.

एक गोष्ट मात्र तुझ्या कानावर घालतो. तुझं लिंग एक दिवसही बिनपूजेचं राहिलं नाही. रोज सकाळी माझं झालं की तुझं डाव्या तळहातावर घेत होतो. हात तोच, पूजा दोनदा. आजारी होतो तेव्हाही केली. ते हातात असलं की तू घरातच आहेस असं वाटायचं. म्हणूनही दिलं नसेल. तुझ्या अव्वाला हे माहीत आहे, ती माझ्यावर पूर्ण रागावत नाही ती त्यामुळंच.

आरिफ आला आहे.

त्याला देताना मी थोडा घुटमळलो, हेही लिहितो. त्यानं ते ओळखलं. म्हणाला, "काका, आंगूळ करून आलोय. खिशात घालणार न्हाय, गळ्यातच न्हेतो. देव खिशात ठिवत न्हायत एवढं मला कळतं." नूरुन्निसानं घरातला कोरा रुमाल फाडून दिला. त्यात बांधून गळ्यात घालायला त्यानं सदऱ्याचं वरचं बटण काढलं, आणि त्याच्याही गळ्यात तसाच पत्रा दिसला. सहा वर्षांत पहिल्यांदा मी विचारलं, की हा असतो तरी कशासाठी.

तो म्हणाला, "काका, माणूस बोलायच्या हालतीत नसला, तर त्यो कुणाचा ह्ये पत्रा सांगतो. घरी न्हेऊन पोचवायचं असंल तर ह्याच्यावरूनच पोचवत्यात. म्हनून काढायचा न्हाय."

जैनोद्दीननं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

नंदीश, मी तुला तो काढायला सांगत होतो.

आरिफ चहा पितो आहे, तेवढ्यात एक काम उरकतो आणि पत्र बंद करतो. घाल. रागानं घातलंस तरी चालेल. पण घातलंस की निरोप दे, तुझी अव्वा थांबली आहे.

तुझा
अप्पा


पुणे
११ ऑक्टोबर २०२४

चि. नंदीश,

अव्वा जिवंत आहे. हे पहिल्या ओळीत लिहिलं, आता बाकीचं सावकाश वाच.

आरिफ गेल्यावर रोज सकाळी अव्वाचा एकच प्रश्न, पोचलं का. मी म्हणायचो, पोचेल. जैनोद्दीन फोनवर सांगायचा की आता आरिफ खालच्या कॅम्पात आहे, उंचीची सवय होईपर्यंत वर सोडत नाहीत. मग म्हणाला, ढग आहेत, हेलिकॉप्टर उडत नाही. मी आयुष्यात ढगांना कधी शिव्या दिल्या नव्हत्या. आपल्या मुलखात ते पापच. तीन आठवड्यांतले दोन सरले. अव्वाचे ओठ निळे दिसायला लागले. सिस्टर मला व्हरांड्यात घेऊन म्हणाली, "बाबा, आप झूठ बोल दो ना. बोलो मिल गया."

मी म्हटलं, सहा वर्षांमागं एकदा खोटं बोललोय, त्याचंच हे चाललंय. दुसरं नको. सिस्टर माझ्या पाठीवर हात ठेवून गेली.

सात तारखेला सकाळी वॉर्डातला फोन वाजला. तुझ्या पलटणीच्या ऑफिसातून कुणी क्लार्क होता. त्याला वरून निरोप आला होता, तो त्यानं कागदावर लिहून घेतला होता आणि तसाच वाचला. मिळालं. घातलं. अव्वाला सांगा, आता हट्ट सोड.

मी ते जाऊन अव्वाला सांगितलं. ती म्हणाली, "हट्ट म्हनला?"

"व्हय."

"मग त्योच हाय," म्हणाली, आणि मान पुढं केली.

गाठ जुनी, घट्ट बसलेली, लवकर सुटेना. सिस्टरनं मदत केली नाही, नुसती शेजारी उभी राहिली. ते तिनं बरोबर केलं. मी डबीतून लिंग काढलं, कापडात गुंडाळलं, अव्वाच्या अंबाड्यात ठेवलं. सिस्टरनं वरून टोपी चढवली आणि चिकटपट्टी लावली. नऊ तारखेला तसंच आत नेलं. दारातून आत जाताना अव्वा मला म्हणाली, "आता रडू नगा, लोक बघत्यात." मी रडत नव्हतो. तिनं म्हटल्यावर सुरू झालं.

साडेपाच तास लागले. हिमाचलची बाई माझ्याशेजारी बसून होती. तिचा मुलगा आता चालतो, ती घरी जाऊ शकली असती, पण दोन दिवस थांबली. ती तिची माळ ओढत होती आणि मी माझं लिंग धरून बसलो होतो.

मधेच आतून निरोप आला की रक्त लागेल. जवळच्या पलटणीतली चार पोरं आली, बाह्या वर केल्या आणि देऊन गेली. वीसबावीसची असतील. त्यातल्या एकानं जाताना मला सॅल्यूट केला. मला, लोहाऱ्याच्या बाजारात खोबरं विकणाऱ्याला. म्हणाला, आमच्यातल्याच एकाची आई आहे ना. त्यांची नावं विचारायचं भान मला राहिलं नाही. ती पोरं काय खातात, हे मात्र मी मुद्दामच विचारलं नाही. ते रक्त आता तुझ्या अव्वाच्या अंगात फिरतंय आणि तिचे ओठ लाल झालेत.

काल तिनं डोळे उघडले आणि पहिल्यांदा डोक्याला हात लावला. होतं तिथंच. सिस्टरनं मला आत बोलावलं आणि म्हणाली, "बाबा, अब आप पहनाइए." छातीवर पट्ट्या आहेत, म्हणून सध्या दंडाला बांधलंय. माझ्या हातानं बांधलं. अव्वा बघत होती, पण काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला एवढं गोड कधी लागलं नव्हतं.

पोरा, कार्ड उपयोगी पडलं असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते खोडतो. बापानं दाराबाहेर काढल्यावर दोन वर्षांनी तू आईचं नाव सरकारी कागदावर चढवलंस, कधीतरी लागेल म्हणून. तुझ्या त्या कागदानं हे सगळं दार उघडलं. तुझे उपकार मानतो. बापानं मुलाचे मानायचे नसतात म्हणतात. म्हणू दे.

तुझा अप्पा


लोहारा
२४ नोव्हेंबर २०२४

चि. नंदीश यास अप्पाचे आणि अव्वाचे आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. जैनोद्दीन हातात नाचवत घेऊन आला आणि चहा घेतल्याशिवाय देईना. आठवड्याला तो आता दोनदा येतो, अव्वाच्या गोळ्या मोजतो, धाराशिवच्या ऑफिसला कळवतो. तिथून एकदा फोनही आला की तपासणीला पुण्याला जायचं आहे, गाडीची सोय हवी का. मी म्हटलं, तुम्ही आणखी किती करणार? पलीकडचा माणूस म्हणाला, काका, आमचं कामच हे आहे. काम असलं तरी असं गोड बोलून करायला कुणी सांगितलेलं नसतं.

अव्वा आता अंगणाला दोन फेऱ्या मारते आणि खांबाला हात लावत नाही. रविवारी शेवया करायला समोर जाते. मीही जातो. खरोखरच शेवया करतात की नाही ते बघायला. गेल्या रविवारी केल्या आणि मला वळायला बसवलं. माझ्या शेवया दोरखंडासारख्या होतात असं नूरुन्निसा म्हणते. तीस वर्षांपासूनची शेजारीण, पण मला नाव ठेवायची संधी तिला आत्ता मिळाली.

मठात कार्तिकातल्या सोमवारी सगळे जमले होते तेव्हा मी उभा राहिलो. म्हटलं, माझ्या मुलानं लिंग सोडलं असं मी सांगितलं होतं ते खोटं. मी काढून घेतलं होतं. आता त्याचं त्याच्याकडं आहे. मग महांतप्पा, तुझ्या शाळेतला मास्तर, म्हणाला, पोराला रजा कधी आहे, आम्हाला सांगा, आम्ही स्टँडवर येतो. बाकीच्यांनी माना हलवल्या. मला वाटलं होतं थुंकतील.

मटणाचं तू पत्रात लिहिलंयस. पलटणीच्या लंगरमध्ये स्वयंपाकी तुझ्यासाठी डाळ वेगळी काढून ठेवतात, आणि ज्या दिवशी डाळ नसते त्या दिवशी आरिफ त्याच्या वाटचं दूध तुला देतो. नंदीश, मी विचारलं नव्हतं. तू सांगायची गरज नव्हती. पण वाचून मी आरिफच्या घरी भूमला एक गोणी खोबरं पाठवलं.

आता तुझा प्रश्न. लिंगाचा दोरा दोन पदरी का, आणि एका पदरात लिंग आहे तर दुसरा रिकामा का सोडलाय, असं तू विचारलंस. वळताना चुकलं असेल असं तुला वाटलं. चुकलं नाही. घरून निघताना मी एकपदरीच वळला होता. त्या दिवशी आरिफनं पत्र्याचं सांगितलं, आणि तो चहा पीत होता तेवढ्यात मी गाठ उसवून दुसरा पदर वळला. घाईत वळला म्हणून जरा जाड झालाय.

तो पदर तुझ्या पत्र्याचा आहे. त्यात ओव, गाठ एकच मार. एकमेकांना लागू दे.

रजा मिळाली की बसवकल्याणला उतरू नकोस. लोहाऱ्याचं तिकीट काढ. अव्वानं पुरणाची डाळ निवडून ठेवली आहे. आंघोळ परसातच कर, आणि दोन्ही गळ्यात घालून तसाच माझ्यासमोर ये.

तुझा
अप्पा